मिरचीखात्यातला प्रस्ताव

मी एक प्रस्ताव बोलतोय. इंदूरच्या ऑफिसांत मला प्रपोजल म्हणतात आणि न वाचता बाजूला ठेवतात. मी मात्र वाचला गेलो आहे, तोही मोठ्याने, कारखान्यात उभं राहून. म्हणून ताठ मानेने बोलतो.

माझा जन्म सांवेर रोडवर, श्रीहरींच्या वर्कशॉपमध्ये झाला. ते धूळ ओढून घेणारी यंत्रं बनवतात. परदेशीपुऱ्यातल्या एका मसाल्याच्या कारखान्याला असं यंत्र हवं होतं. तिथल्या मिरचीखात्यात चक्कीवर काम करणाऱ्या बायका खोकून बेजार झाल्या होत्या. इतकी साधी गोष्ट, पण ती माझ्यात कुठेच नव्हती.

श्रीहरींची रीत ठरलेली. नवं गिऱ्हाईक आलं की जुनं प्रपोजल उघडायचं, नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करून धाडायचं. आधी त्यांच्या वडिलांचा फोटो, मग प्रमाणपत्रं, मग सत्कार, मग 'सर्वंकष वायुव्यवस्थापन उपाययोजना'. असले शब्द कुणाला कळावेत म्हणून लिहीत नाहीत, समोरच्याने दबावं म्हणून लिहितात. मला या शब्दांचा संताप येतो. माझ्याच अंगावर होते, म्हणून जास्तच.

कारखान्याच्या मालकीण चारुलताताईंनी मला चाळलं आणि फोन लावला.

"श्रीहरीजी, आमच्याकडे लग्नं कधीपासून लागायला लागली?"

"म्हणजे?"

"तुम्ही लिहिलंय, आपल्या वऱ्हाडी मंडळींना मोकळा श्वास घेता येईल."

आधीचं गिऱ्हाईक मॅरेज गार्डन होतं. नाव बदललं, वऱ्हाड तसंच राहिलं.

"परवापर्यंत नीट लिहून द्या," ताई म्हणाल्या. "नाहीतर राहू द्या. खिडकीत पंखा लावून भागवू."

पंख्याने धूळ फक्त या बाईच्या नाकातून त्या बाईच्या नाकात गेली असती.

मग मी स्पृहाच्या हाती आलो. ती सांगलीहून श्रीहरींकडे नोकरीला आलेली इंजिनिअर. ती आधी मिरचीखात्यात जाऊन बसली, लाल डोळ्यांनी परतली आणि मला कापायला लागली.

"अगं, पप्पांचा फोटो तरी राहू दे," श्रीहरी म्हणाले.

"सर, खोकला पप्पांना झालेला नाही."

"चारच पानं? लोग हँसेंगे, बेटा."

"हसतील तर वाचून हसतील."

खरं भांडण एका वाक्यावरून झालं. यंत्र बसवताना मिरचीखातं दोन दिवस बंद ठेवावं लागणार होतं.

"हे शेवटी टाक, बारीक अक्षरात. अभी से क्यों डराना?"

स्पृहाने ते पहिल्या पानावर ठेवलं. मी तेव्हा अंगाने निम्म्याहून कमी झालो होतो आणि पहिल्यांदाच मला स्वतःचा अर्थ कळत होता.

चारुलताताईंनी पहिलं वाक्य वाचलं: 'तुमच्या मिरचीखात्यात बायकांना सलग तासभरही बसता येत नाही.' पुढे त्या थांबल्या नाहीत. मला घेऊन थेट खात्यात गेल्या आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. मागे, मला द्यायला आलेले श्रीहरी आणि स्पृहा.

खात्याची मुकादम बेबी कमरेवर हात ठेवून ऐकत होती. "ताई, ये तो अपनी ही बात लिखी है," ती म्हणाली. आणि लगेच, "पण दोन दिवस बंद, तर आमची रोजी कोण देणार? वो भी लिखवा लो."

श्रीहरींनी स्पृहाकडे असं पाहिलं, जणू ऑर्डर गेलीच.

"हे लपवलं असतं," ताई म्हणाल्या, "तर हेच भांडण यंत्र अर्धं बसल्यावर झालं असतं." त्यांनी पेन मागितलं, त्या वाक्याखाली लिहिलं, 'दोन्ही दिवसांची रोजी मिळेल', आणि सही केली. त्या एका ओळीवरून मी अख्ख्या वर्कशॉपची प्रमाणपत्रं ओवाळून टाकीन.

यंत्र बसलं. मी आता प्लॅस्टिकच्या कव्हरात, मिरचीखात्याच्या भिंतीवर आहे. मध्यंतरी यंत्राचा जोर कमी पडला, तेव्हा बेबीने माझ्यासमोर उभं राहून श्रीहरींना फोन लावला. "भिया, पान तीन. धुळीची पिशवी दर महिन्याला साफ करून देऊ, असं लिहिलंय तुम्ही. कब आ रहे हो?"

ते त्याच दिवशी आले.

कळेल असं लिहिलं की लिहिणारा बांधला जातो. म्हणून तर इतकी शहाणी माणसं धुकं लिहितात. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे: बांधले जा.