शालीचा मानकरी

सरांनी आठवीच्या वर्गाला 'एका प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शकाचे चरित्र' असा प्रकल्प दिला आणि त्रेपन्न पोरांच्या डोक्याचा भुगा करून ठेवला. वर अट अशी की एक नाव दोघांनी घ्यायचं नाही. हजेरीच्या क्रमानं सर नावं लिहून घेऊ लागले. पहिल्या दहाबारा जणांनी माहीत असलेली सगळी नावं उचलली. पुढच्या आठ जणांनी नट आणि गायक सांगून बोलणी खाल्ली. बानाचा नंबर सत्तेचाळिसावा, त्यामुळं सर तिच्यापर्यंत आले तेव्हा जगात एकही दिग्दर्शक शिल्लक नव्हता.

बाना उभी राहिली आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "सर, आमच्या आबांनी शाल घातली तो डायरेक्टर."

वर्ग खिदळला. सर म्हणाले, "नाव?"

नाव तिला कुठं ठाऊक होतं. आजोबांची, म्हणजे मुंजाबा आबांची मेंढरं एका पिक्चरमध्ये होती आणि त्या पिक्चरच्या डायरेक्टरला आबांनी स्वतःच्या हातानं शाल घातली होती, एवढं घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. नाव कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"सोमवारी नाव आण, फोटो आण," सर म्हणाले. "नाहीतर सरळ सांग, थाप मारली म्हणून."

मधल्या सुट्टीपर्यंत बाना थापाडी झाली. सोमवारी नाव नेलं नाही तर दहावी होईपर्यंत तिला याच नावानं हाका मारणार, हे तिला दिसत होतं. थाप मारून थापाडी झाली असती तर तिला इतकं वाईट वाटलं नसतं.

त्यात मूळ घोळ वेगळाच होता. दिग्दर्शक नेमकं करतो काय, तेच तिला उमगत नव्हतं. नट नाचतो, गाणारा गातो, कॅमेरावाला कॅमेरा चालवतो, गोष्ट लिहिणारा गोष्ट लिहितो. मग हा राहिलेला माणूस कशाला लागतो? तिनं वडिलांना विचारलं. तिचा बाप भिकन चिकलठाण्याच्या एका कंपनीत माल चढवायचा. "आमचा डायरेक्टर वर्सातून एकदा येतो," तो म्हणाला. "हिंडतो, मान हालवतो, जातो. ह्याचं बी तसंच असंल." बानानं ते वहीत उतरवलं, वाचलं आणि खोडलं.

नशीब एवढंच की आबा सध्या घरातच होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोयगावहून आले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्यानं सगळं धुरकट. डॉक्टरांना दाखवायला म्हणून शालीचा फोटोही पिशवीत घालून आणला होता. डॉक्टरांनी तो पाहिला होता, नर्सनं पाहिला होता, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तर दोनदा पाहावा लागला होता.

"दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट," आबांनी नेहमीसारखी सुरुवात केली. "आख्खा कळप डोंगरावरून खाली उतरताना पायजे व्हता त्यांना. डायरेक्टरसाहेब हे असे थोराड. हातात भोंगा, डोक्याला लाल टोपी. दोन दिस वरडले. मेंढरं हालंनात. तिसऱ्या दिशी मातर अशी उतरली, लोंढाच्या लोंढा. मी म्हनलं, मानूस जबर हाय. गावानं नारळ आनला, शाल मी घातली."

"नाव काय होतं त्यांचं?"

"डायरेक्टरसाहेब," आबा म्हणाले.

बानानं फोटो निरखला. मधोमध तो थोराड माणूस, खांद्यावर शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात भोंगा. शेजारी फेटा बांधलेले तरणे आबा. पार कडेला, एक खांदा फोटोबाहेर गेलेला, चष्म्याला दोरी बांधलेला एक काडीपैलवान कोकरू घेऊन उभा होता.

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी ती औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात गेली. तिथल्या काकांनी सिनेमावाल्यांचं एक जाडजूड पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. बानानं पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त थोराड माणसं शोधली. चार सापडली, पण एकाचंही नाक जुळेना. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि मध्येच एका पानावर ती अडखळली. कान बाहेर आलेले, चष्म्याला दोरी. हा माणूस आपण बघितलाय, पण कुठं? किराणा दुकानात? दवाखान्यात? मग तिनं पिशवीतून आबांचा फोटो काढला आणि पुस्तकाशेजारी ठेवला.

कोकरूवाला.

खाली छापलं होतं: अच्युत वाडदेकर, दिग्दर्शक. त्याच्याखाली, त्यांच्या एका चित्रपटाचं चित्रीकरण सोयगावच्या डोंगरात झालं आणि त्यातलं मेंढरं उतरतानाचं दृश्य आजही नावाजलं जातं, असं लिहिलं होतं.

बाना पार चक्रावली. हा डायरेक्टर, तर शाल घेतलेला कोण? आणि हा डायरेक्टर होता, तर कोकरू सांभाळत कशाला बसला होता? नाव मिळालं होतं, थापाडी हा शिक्का पुसला जाणार होता, पण मग पंचवीस वर्षं आबा जे मिरवत आले त्याचं काय करायचं? सांगावं तर आबा मोडून पडतील, न सांगावं तर नाव कुठून आणलं म्हणून सांगायचं? घरी परतताना बस आपला स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढं गेली, हेही तिच्या उशिरा ध्यानात आलं.

घरी आल्यावर तिनं आडूनच विचारलं. "आबा, फोटोत कडेला कोकरू धरलेला एक हाय, तो कोण वो?"

"त्यो व्हय?" आबा हसले. "लई बिनकामाचा गडी. दिसभर धोंड्यावर बसून नुसता बघायचा. मला इचारायचा, ही आपसूक कधी उतरत्यात? मी म्हनलं, खाली कोकरू वरडलं की त्याची माय कशाला थांबती? आन् एक निघाली की मागं समदी. तिसऱ्या दिशी रिकामा दिसला म्हनून एक दुखनाईत कोकरू मीच टाकलं त्याच्या हातात. म्हनलं, धर, तेवढंच काम."

"मग?"

"मग काय, त्यो गेला खाली वढ्याकाठी कोकरू घेऊन. तिथं ते लागलं वरडायला..."

आबा बोलता बोलता थांबले. बाहेर भिकन सायकल लावत होता, तिचा स्टँड खडखडला.

"पुस्तकात काय घावलं तुला?" आबांनी विचारलं.

तिनं सांगितलं. आबांनी हात वर नेऊन डोळ्यावरची पट्टी चाचपली आणि हात खाली घेतला.

"कोकरू वरडलं, मेंढरं उतरली," ते हळूच म्हणाले. "आन् मी धनगराच्या पोटचा असून म्हनलं, भोंग्यानं उतरली."

बानानं वही मिटली. "आबा, राहू द्या. मी सरांना सांगते, थाप मारली म्हणून. कुणाला काय कळतंय."

"खोटं कशापायी बोलतीस?" आबा म्हणाले. "लिही, मुंजाबा चुकला. त्यो मानूस जाताना माझ्यापाशी आला व्हता. इचारलं, कोकरू जगंल ना? मी म्हनलं, तुला काय करायचंय, जा तुझं तू." मग ते म्हणाले, "जगलं व्हतं गं ते. हे बी लिही."

सोमवारी सरांनी फोटो हातात घेतला आणि मधल्या शालवाल्यावर बोट ठेवलं. "हे का तुझे दिग्दर्शक?"

"नाही सर. हे नुसते भोंग्यावरून ओरडणारे, ह्यांना आबांनी चुकून शाल घातली," बाना म्हणाली. "अच्युत वाडदेकर हे, कडेचे."

सरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "हे? हे तर कोकरू धरून उभे आहेत."

"हो सर," बाना म्हणाली. "त्यांचं तेच काम होतं."