दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या

सौंसरच्या सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये हिरामण अकरा वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होता. नमुना नुसता हुंगून तो तेलात काय राहिलंय ते सांगायचा. मालक रघुनाथराव पाहुण्यांपुढे अभिमानानं म्हणायचे, "हा आमचा हिरामण." पंच्याऐंशी साली नागपूरहून एमएस्सी झालेली मीना आली आणि ते वाक्य बंद पडलं. आता मालक म्हणायचे, "या, आमच्या मॅडमचं काम पाहा."

मॅडमचं काम म्हणजे स्टेरॉल. सरकीच्या तेलात मुळातच असणारा हा अंश शरीरात कोलेस्टेरॉल कमी शोषू देतो. तेल शुद्ध करताना तो किती उरतो, हे तिला शोधायचं होतं. अर्कात आम्ल टाकलं की हिरवा रंग चढे. जितका गडद रंग, तितकं स्टेरॉल जास्त. तेलाचा वास काढायला त्यातून कडक वाफ सोडतात. तिच्या आकड्यांप्रमाणे त्या वाफेबरोबर बरंच स्टेरॉल निघून जात होतं. अर्क काढायचं किचकट काम हिरामणचं, कौतुक मात्र तिचं. ते त्याला सलायचं.

पांढुर्ण्याचे व्यापारी आले त्या सकाळी त्यानं वाफेआधीच्या आणि वाफेनंतरच्या अर्कांच्या नळ्यांवरल्या चिठ्ठ्या बदलल्या. सगळ्यांसमोर मीनानं आम्ल टाकताच 'वाफेनंतरची' नळी गर्द हिरवी झाली, आधीची फिकट.

"वाफेनं स्टेरॉल वाढून राहिलं का मॅडम?" रघुनाथराव हसले. व्यापारी हसले. हिरामणही हसला.

दुपारी मीना आकड्यांच्या वहीची पानं फाडताना दिसली.

"दोन महिन्यांचं काम चुकलं, हिरामणभाऊ. तुमचा हात पक्का आहे. उद्यापासून आम्लही तुम्हीच टाका."

हिरामणनं वही धरली. "फाडू नका मॅडम. आकडे खरे हायेत. चिठ्ठ्या मी बदलवल्या."

"काऊन?"

"मले कोणी पाहूनच नव्हतं राहिलं."

तिनं फाडलेली पानं वहीत परत ठेवली. म्हणाली, "मालकांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

त्यानंच सांगितलं. रघुनाथरावांनी त्याची बॉयलरवर बदली केली. अहवालात मीनानं वाफेची आच कमी ठेवायला सुचवलं. त्यात हिरामणचं नाव कुठंच नव्हतं. मालक तो अहवाल पाहुण्यांना वाचून दाखवत, तेव्हा बॉयलरपाशी उभ्या हिरामणच्या छातीत पुन्हा जळे. तरी वाफेचा काटा तिनं ठरवलेल्या खुणेपुढे त्यानं कधी जाऊ दिला नाही.