नुकागासानची मशीनगन

नुकागासान सहा वर्षं आमच्या संघाचे मशीनगनवाले होते, आणि त्या सहा वर्षांत त्यांची मशीनगन जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकलेली मी तरी पाहिली नव्हती.

इन्झाई गावाजवळच्या रानात महिन्यातून दोन रविवार आम्ही लढाई-लढाई खेळतो. गोळी लागली की ज्याने त्याने आपणहून हात वर करून बाद व्हायचं. गन खेळण्यातलीच, बॅटरीवर चालणारी, प्लास्टिकचे बारके छर्रे उडवणारी. पण दिसायला हुबेहूब खरी आणि वजनाला आठ किलो. नुकागासान पालिकेच्या पाणी खात्यात कारकून, वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे. ती गन उराशी धरून ते पळायचे आणि मागे छर्ऱ्यांची पिशवी घेऊन मी. म्हणून हे सगळं मी जवळून पाहिलं.

आमची कॅप्टन होरिकिरीबाई दातांची डॉक्टर. दर रविवारी ती कामं वाटून द्यायची. "तुम्ही दोघं ओढ्याकडून. तुम्ही मागून. आणि नुकागासान, तुम्ही आज किती मिनिटं?"

"आज चालणार ती," नुकागासान म्हणायचे. "परवाच नवी मोटर बसवली."

"छान. म्हणजे चार धरते."

ती किती मिनिटं टिकेल यावर आम्ही यंत्रातून मिळणाऱ्या तयार कॉफीच्या डब्याची पैज लावायचो. गन तीनदा गरजायची, मग आतून कोंबडीचा गळा दाबल्यासारखा आवाज यायचा आणि सगळं शांत. समोरच्या संघालाही हे पाठ झालं होतं. शांतता झाली की ते झाडांआडून सरळ उभे राहून चालत यायचे, बागेत फिरायला आल्यासारखे.

बंद पडली की नुकागासान घरी जाऊन काहीतरी नवीन बसवायचे. आधी मोटर, मग मोठी बॅटरी, मग आतली लोखंडी दातेरी चाकं, मग दुसरा पिस्टन. सप्टेंबरात त्यांनी नवी स्प्रिंग घातली. छर्ऱ्याचा जोर किती असावा हे कायद्यानेच ठरलेलं आहे आणि खेळाआधी प्रत्येक गन यंत्रावर तपासतात. मैदानाच्या मालकांनी त्यांची गन तपासली, आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"नुकागासान, ही वर गेली हो."

"कितीने?"

"थोडीच. पण वर ती वर. स्प्रिंग इथेच काढा, या टेबलावर. तशी घरी न्यायची नाही."

पालिकेतला माणूस, आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही. त्यांचे कान लाल झाले. भर सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी गन उघडली, स्प्रिंग काढून मालकांच्या हातात दिली, आणि मग दिवसभर ती पोकळ गन मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. होरिकिरीबाई करी-भात घेऊन शेजारी बसली.

"दात काढल्यावर बसतात तसे बसलाय," ती म्हणाली. "दोन तास काही चावू नका."

त्या दिवशी ते हसले नाहीत. परतताना गाडीत मला म्हणाले, "उसुईसान, विकून टाकतो. जड आहे, आणि मला जमत नाही."

विकली असतीही, पण त्यांच्या बायकोने मोठ्या बहिणीला फोन केला. फुमिएताई, वय सहासष्ट, चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त करतात. पुढच्या शनिवारी नुकागासान गन घेऊन त्यांच्याकडे गेले; उचलायला मदत म्हणून मीही गेलो.

ताईंनी गन टेबलावर आडवी केली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

"भावोजी, ही किती वेळा उघडलीत?"

"अकरा-बारा वेळा."

"दर वेळी काय केलंत?"

"काहीतरी नवीन घातलं."

"आणि बिघाड कुठे आहे ते कधी पाहिलंत?"

नुकागासान माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

ताईंनी चाकांची पेटी उघडली. आत पांढरं ग्रीस ठासून भरलेलं. "हे कोणी भरलं?"

"मीच."

"केक करायचा होता का?" त्यांनी सगळं पुसून काढलं आणि चाकं एकेक बोटाने फिरवली, कान जवळ नेऊन. "मोटर घोड्याच्या ताकदीची आणि चाकं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. पाच दुकानांतून आणलीत ना?"

"चार."

मग दुपारभर त्या चाकांखाली कागदाहून पातळ वॉशर घालत आणि काढत होत्या. फिरवायचं, ऐकायचं, एक काढायचा, पुन्हा फिरवायचं. शेवटी चाक फुंकरीने फिरलं आणि काही आवाज न करता थांबलं. मोटर जुनीच परत बसवली, स्प्रिंगही मुळातलीच. छर्ऱ्याला फिरकी देणारं, गनच्या पुढच्या नळीतलं रबर त्यांनी प्रकाशाला धरलं. "याला तेल लावलंत?"

"सगळीकडेच लावलं."

"रबराला तेल लावतं का कुणी?" नवं रबर घातलं. बॅटरीची पिन धक्क्याने सुटत होती, ती बदलली.

तरीही गन सुरू केल्यावर तिसऱ्या फैरीला तोच कोंबडीचा आवाज आला. नुकागासानचा चेहरा पडला. ताईंचा मात्र उजळला. "आता कळलं. हे पेटीत नाहीच."

गनच्या खाली छर्ऱ्यांचा डबा असतो आणि त्यातून छर्रे वर गनमध्ये नेणारी एक दुसरी नळी जाते. ताईंनी कपाटातून नायलॉनचा जुना मोजा काढला, त्याची पट्टी कापली, ती नळीतून ओढली. तोंडापाशी पट्टी अडकली. बोटाला न लागणारं, केसाएवढं प्लास्टिकचं कुसळ. सहा वर्षं छर्रे तिथे एकमेकांवर चढून बसत होते. ताईंनी बारीक पॉलिश पेपर दोन मिनिटं फिरवला, पट्टी पुन्हा ओढली. सरळ निघाली.

नुकागासाननी पट्टी हातात घेतली आणि स्वतः एकदा नळीतून ओढून पाहिली. त्यांनी विकत घेतलेलं सामान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढीग होऊन पडलं होतं.

"ते तिथेच राहू दे," ताई म्हणाल्या. "आणि ऐका. खेळून आलात की आधी बॅटरी काढायची, मग नळी कोरड्या कापडाने पुसायची, मग अंघोळ. हा क्रम चुकला तर माझ्याकडे यायचं नाही."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी गन तपासणीतून निमूट पास झाली. पहिल्या खेळात आम्ही बांबूंच्या मागे बसलो. नुकागासाननी तीन फैरी झाडल्या आणि सवयीने थांबले, कान टवकारून. समोरच्यांनीही ऐकलं आणि सवयीने उभे राहून चालत आले.

"नुकागासान," मी कुजबुजलो, "ती चालू आहे."

"हो का?" ते म्हणाले, आणि बोट दाबलं. सात जण हात वर करून बाहेर गेले. शेवटचा जाता जाता आमच्याकडे आपली फसवणूक झाल्यासारखा बघत होता.

दुसऱ्या खेळात नुकागासाननी आनंदात अडीच हजार छर्रे चार मिनिटांत संपवले. लागला एकालाही नाही.

"पिशवी," ते म्हणाले.

"पिशवी आजवर कधी लागलीच नव्हती, म्हणून आज आणली नाही," मी म्हणालो. "ती बाकावर आहे."

होरिकिरीबाईला हे कळल्यावर तिने डोळे मिटून घेतले. "सहा वर्षं गन बिघडलेली होती म्हणून तुम्हा दोघांचं पितळ झाकून राहिलं."

तिसरा खेळ शेवटचा. आमचा झेंडा राखायला आम्ही दोघंच, बाकीचे बाद झालेले, वेळ संपायला दोन मिनिटं. या वेळी नुकागासान थोडं थोडं, मोजून मारत होते. समोरून कुणाला डोकं काढता येईना. जिंकलोच होतो. आणि एकाएकी ते थांबले.

"अडकली?" मी विचारलं.

"नाही. मला लागली."

"कुठे? मला तर आवाज नाही आला."

"टोपीच्या कडेला. हलकीशी." त्यांनी हात वर केला, मोठ्याने "लागली" म्हणाले, गन उचलली आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी चालू लागले. मी एकट्याने तीस सेकंद तग धरला. झेंडा गेला.

खेळानंतर समोरच्या संघातला एक लाजाळू माणूस आला आणि कमरेत वाकला. "मी नुसतीच एक झाडली होती," तो म्हणाला. "तुम्हाला लागली हे मला माहीतच नव्हतं."

"लागली होती," नुकागासान म्हणाले आणि तेही वाकले.

होरिकिरीबाईने तीन गरम कॉफीचे डबे आणले आणि एक त्यांच्या हातात दिला. "गन दुरुस्त झाली, आता माणूस बिघडला," ती म्हणाली, पण डबा देताना झाकण तिनेच उघडून दिलं. तसं ती कुणाचंच उघडत नाही.

संध्याकाळी आम्ही गन घेऊन ताईंकडे थांबलो. ताईंनी दार उघडताच विचारलं, "किती वेळा अडकली?"

"एकदाही नाही."

"मग?"

"हरलो."

"ते तुमचं तुम्ही बघा," ताई म्हणाल्या. "बॅटरी काढलीत का?"

नुकागासान माझ्याकडे बघायला लागले.