नव्या चाकांची पूजा

आमच्या घरात फोन वाजला की मी आधी देवाचं नाव घेते, मग फोन घेते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले, तेव्हापासूनची ही सवय. त्या दिवशीही फोनच आला होता, त्यांच्या कॉलेजातून. "मॅडम, सर वर्गात एकदम खाली बसलेत, तुम्ही लगेच या." मी भूमी अभिलेखच्या ऑफिसातून जी निघाले, ती एका पायात माझी चप्पल आणि दुसऱ्या पायात शेजारच्या टेबलावरच्या बाईंची. हे मला संध्याकाळी दवाखान्यात कुणीतरी दाखवलं.

डॉक्टर म्हणाले, चाला. पण आमचे अवधूतराव पडले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, साधं चालणं त्यांना कसं पटावं? महिनाभर मैदानाला चकरा मारून कंटाळले आणि एका रविवारी वाकड्या हँडलची, बारीक टायरची शर्यतीची सायकल घेऊन दारात उभे राहिले. त्या जातीतली सगळ्यात स्वस्त. वयाच्या बावन्नाव्या वर्षी! मी तेव्हा काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, "उत्तम! फक्त हळूहळू वाढवा." त्यांना काय जातंय म्हणायला.

सायकल चांगली होती, चाकं वाईट होती. कंपनीनं सगळा पैसा वरच्या रंगरूपावर घातला असावा आणि चाकांशी येईपर्यंत हात आखडला असावा. मागच्या चाकाचा स्पोक तुटायचा. टण्ण असा आवाज यायचा म्हणे, चाक वाकडं व्हायचं, ब्रेकला घासायचं आणि सायकल जागीच अडायची. मग मला फोन. "सौदामिनी, घ्यायला ये." एकदा अर्धापूरहून, एकदा मुदखेडहून, दोनदा नुसत्या बायपासवरून. स्क्रीनवर त्यांचं नाव दिसल्यापासून ते 'स्पोक तुटला' म्हणेपर्यंत पाच-सहा सेकंद जायचे. तेवढ्यात मी त्यांना दवाखान्यात नेऊन, लातूरच्या लेकीला कळवून, पुढचंही सगळं करून मोकळी झालेली असायची. मग ते हसत म्हणायचे, "अगं, चाकच आहे." माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची की सांगता सोय नाही.

पाचव्यांदा फोन आला तेव्हा मी साहेबांसमोर मोजणीच्या फायली घेऊन उभी होते. घरी आल्यावर सांगितलं, "एक तर ही सायकल विका, नाही तर चाकं बदला. मला परत रस्त्यावरून फोन आला नाही पाहिजे. समजलं?"

जुन्या मोंढ्यापाशी मारोतीचं सायकलचं दुकान आहे. मीही बरोबर गेले, कारण यांना एकट्याला पाठवलं तर स्वस्तात काहीतरी उरकून येतील याची खात्री होती. मारोतीनं चाक फिरवलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, ह्या चाकात जीवच न्हाई. चोवीस स्पोक, त्यातबी एक ताठ तर एक ढिल्ला. मशीननं भरलेलं हाय. सर हायती ऐंशी किलोचे. तुटंल न्हाई तर काय करंल?"

"मग दुरुस्त करून काय उपयोग?"

"आता काढून फेका. बत्तीस स्पोकाची नवी बांधून देतो. लई दमदार."

सामान पुण्याहून आलं. मारोतीनं दीड दिवस बसून दोन्ही चाकं हातानं भरली. एकेक स्पोक नखानं वाजवायचा, कान लावून ऐकायचा, पाव आटा आवळायचा, परत वाजवायचा. शेवटी चाक फिरवून सोडलं तर ते कितीतरी वेळ जराही न हलता फिरत राहिलं. यांचा चेहरा असा खुलला होता की लग्नातल्या फोटोतही तसा नाही. मारोती हात पुसत म्हणाला, "आता सर दमतील, पन चाक दमणार न्हाई."

ते दोघं हसले. मला हसू आलं नाही. घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. आजवर चाक आधी मोडत होतं. वीस-पंचवीस किलोमीटरवर का होईना, या माणसाला थांबवणारं काहीतरी होतं. आता थांबवणारं काहीच उरलं नव्हतं, त्यांच्या छातीशिवाय. आणि ही चाकं मीच हट्टानं बसवून घेतली होती.

त्यात यांनी जाहीर केलं की दसऱ्याला लातूरला लेकीकडे, वैष्णवीकडे, सायकलवर जाणार. एकशे चाळीस किलोमीटर. "डॉक्टरांना विचारलंय," म्हणाले. "तू जेवणाचं घेऊन मागून गाडीनं ये." मी दोन दिवस बोलले नाही. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या सगळ्या हत्यारांची आणि वाहनांची पूजा होते. विळी, कात्री, शिलाई मशीन, गाडी, स्कूटी, सगळं ओळीनं. अवधूतराव दरवर्षी लांबून टिंगल करतात. "मिक्सरला नैवेद्य दाखवलास का? नाराज होईल तो." यंदा सायकलही ओळीत होती आणि तिची पूजा मी जरा जास्तच मनापासून केली. नव्या रिमा इतक्या गुळगुळीत की त्यांच्यावर कुंकू ठरेना, लावलं की झडून जायचं. माझ्या सासूबाई कंधारकडच्या. शेतातल्या औतांना आणि पाण्याच्या इंजिनाला त्या कुंकू तेलात कालवून लावायच्या, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. मीही वाटीत गोडं तेल घेतलं, कुंकू कालवलं आणि दोन्ही चाकांच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच बोटं ओढली, चांगली ठळक. मनात म्हटलं, बाई गं, तू दमू नकोस आणि यांनाही दमू देऊ नकोस. यांनी त्या दिवशी टिंगल केली नाही. मुकाट्यानं आरतीचं ताट धरून उभे राहिले. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला.

दसऱ्याला पहाटे पाचला ते निघाले. मी गेटपर्यंत गेले. "पाणी प्या. छातीत जरा जरी काही वाटलं तर थांबा," एवढं म्हणाले, बाकीचं गिळलं.

साडेसातला सत्यमचा फोन आला. सत्यम म्हणजे आमचा जावई. तोही सायकल चालवतो, सासऱ्याला नाद लावणारा तोच.

"आई, फोटो आत्ता बघितला. रिमवर ते लाल काय आहे?"

"कुंकू. तेलातलं."

"तेलातलं? पप्पांनी निघताना पुसलं ना पण?"

"कुंकू कुणी पुसतं का?" मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

तो हळूच म्हणाला, "आई, त्या सायकलला डिस्क ब्रेक नाहीत. रबराचे दोन ठोकळे रिमला चिकटतात आणि चाक थांबतं. जिथं तुम्ही तेल लावलंय, तिथंच."

दोन दिवस मी चाक, स्पोक, छाती यांची काळजी करत बसले होते आणि माझ्याच हातानं त्यांचे ब्रेक काढून घेतले होते. यांना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. अकरा वेळा लावला. डबे ओट्यावर तसेच टाकले, गाडी काढली आणि लातूर रोडला लागले.

त्या रस्त्याचा एकेक मीटर माझ्या लक्षात आहे. विष्णुपुरी मागं पडली. झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. दोन्ही बाजूंना सोयाबीनची काढणी चाललेली, धूळच धूळ. माझं लक्ष फक्त डांबरावर. काळा डाग दिसला की वाटायचं रक्तच. लोह्याच्या अलीकडे रस्त्याकडेला वीस-पंचवीस माणसं गोल करून उभी होती. मी करकचून ब्रेक दाबला. काच खाली केली, तर मध्ये आपट्याची पानं विकणारी बाई बसलेली. मी तिच्याकडे बघून मोठ्यानं रडले. ती बिचारी घाबरून म्हणाली, "काय झालं ओ ताई?" मी काय सांगणार? तसंच पुढं निघाले.

माळेगाव मागं पडलं. मला उतारांची भीती होती. सपाटीवर माणूस कसाबसा पाय टेकून थांबेल, पण खाली वळण आणि समोरून ट्रक आला तर? प्रत्येक उताराच्या टोकाशी मी श्वास धरायची आणि खाली काही पडलेलं नाही हे बघून सोडायची. असे तीन उतार गेले. चौथ्याला रस्त्याच्या अगदी कडेनं एक माणूस सायकल हातात धरून पायी खाली चालला होता. पाठीवर पिवळी जर्सी, वर टक्कल. हेल्मेट हँडलला अडकवलेलं.

मी गाडी आडवी घातली आणि उतरले.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"नाही गं. ठणठणीत आहे. तू इतक्या लवकर कशी?"

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

त्यांनी खिसे चाचपले. "पिशवीत प्लास्टिकमध्ये आहे. ऐकू नाही आला. आणि तूच म्हणाली होतीस, रस्त्यावरून फोन नको."

मला त्यांना मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. समोरून ट्रक चालले होते म्हणून दोन्ही राहिलं. "मग पायी का चाललात?"

"ब्रेक लागत नाहीत," ते रस्त्याकडे बघत म्हणाले.

"कधीपासून?"

"विष्णुपुरीच्या स्पीडब्रेकरपासून."

विष्णुपुरी! म्हणजे घरातून निघाल्यावर अर्ध्या तासात. तिथून पुढं प्रत्येक उतार हा माणूस पायी उतरत आला होता.

"कशामुळं ते कळलं का?"

"भौतिकशास्त्र शिकवतो मी," ते म्हणाले. "तेल आणि घर्षण. पहिल्या सेमिस्टरला येतं."

"मग पुसायचं ना! रुमाल आहे की खिशात!"

हँडलवरचा त्यांचा अंगठा उगाच ब्रेकच्या दांडीवरून फिरत राहिला. मग म्हणाले, "विष्णुपुरीला काढला होता रुमाल. चाकाला लावला पण होता. नाही झालं." त्यांनी चाकाकडे बघितलं. "तू माझ्यासाठी लावलेलं कुंकू. मी माझ्या हातानं कसं पुसू? उद्या काही झालं तर..."

सव्वीस वर्षं मी या माणसाबरोबर संसार केला. वटपौर्णिमेला झाडाभोवती कशाला फिरतेस, झाड फिरणार आहे का, असं विचारणारा हा माणूस. दवाखान्यातून घरी आल्या दिवसापासून हसतोय, थट्टा करतोय, सायकल पळवतोय. घाबरलेली मी एकटीच आहे असं मी धरून चालले होते.

"तुम्हाला भीती वाटते?" मी विचारलं.

"रोज वाटते," ते म्हणाले. "सायकलवर जरा कमी वाटते."

मी गाडीतून पाण्याची बाटली, हात धुवायचा साबण आणि जुना टॉवेल आणला. त्यांनी पंक्चरच्या डबीतला काचपेपर काढून ब्रेकचे रबरी ठोकळे खरवडले. रिमला मात्र हात लावला नाही. सायकल उचलून धरली आणि दुसऱ्या हातानं हळूहळू चाक फिरवत राहिले. मी खाली बसले आणि टॉवेल ओला केला. खरं सांगते, ऑपरेशनच्या कागदावर सही करणं मला याहून सोपं गेलं होतं. माझ्या आईनं, सासूबाईंनी, कुणीच कधी कुंकवाला फडकं लावलेलं मी बघितलं नव्हतं. एकेक बोट समोर यायचं, मी साबण लावायची, घासायची, लाल पाणी रस्त्याकडेच्या मातीत जायचं. मागचं चाक झालं. पुढचं झालं.

शेवटचं एक बोट राहिलं तेव्हा त्यांनी चाक फिरवायचं थांबवलं.

"एवढं एक राहू दे," ते म्हणाले.

"एकानंही घसराल," मी म्हणाले, आणि तेही पुसून टाकलं.