सहा टाके

जळका वास आला तशी दिराने झटक्यात वायर उपटली, पण लहान स्पीकर तोवर गेलेला होता. लाकडी खोक्यात वरच्या अंगाला बसवलेला, वाटीएवढा. पहिला सकाळी गेला, हा दुसरा.

"वहिनी, एखादा टाका कच्चा राहिला असेल का?" दिराने खाली बघतच विचारलं.

कारखान्यात वहिनीने सव्वीस वर्षं चार नंबरच्या टेबलावर सोल्डरिंग, म्हणजे तापल्या कथलाचे टाके मारून तारा जोडायचं काम केलं होतं. डावीकडून पट्टी यायची, तिच्यावर सहा टाके मारायचे आणि उजवीकडे सरकवायची. पट्टी कसली, पुढे कुठे जाते, हे तिने कधी विचारलं नाही. विचारायला मान वर करावी लागली असती, आणि तोवर पुढची पट्टी येऊन ठेपलेली असायची. मात्र टाका कच्चा म्हणून परत आलेली एकही पट्टी तिला आठवत नव्हती.

कारखाना बंद पडून दोन वर्षं झाली होती. दीर सुतार. बाजारात तयार फर्निचर आलं तसं त्याचं काम आटत गेलं. हातावर हात ठेवून बसवेना, म्हणून तो स्पीकरची खोकी करायला लागला आणि आतली जोडणी त्याने वहिनीवर सोपवली. शाळेच्या सभागृहासाठी दोन खोकी, हे पहिलंच मोठं काम. शुक्रवारी द्यायची होती. आलेला आवाज मोठ्या आणि लहान अशा दोन स्पीकरना वाटून देणारी पट्टी, म्हणजे क्रॉसओव्हर, कशी जोडायची त्याचा नकाशा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराने वहीच्या कागदावर काढून दिला होता. तिने तो रेघ न् रेघ पाळला होता.

ती कागद घेऊन दुकानात गेली.

"टाके नीट मारा, बाई," दुकानदार कागदाकडे न बघताच म्हणाला. "माझी उभी हयात यात गेली."

"ही तारेची गुंडाळी लावतो, कॉइल, तिने नेमकं होतं काय?"

"ते कळून तुम्हाला काय करायचंय?"

त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. परतीच्या वाटेवर तिला त्या नवलाचाच राग आला.

घरी येऊन तिने नवऱ्याचा जुना रेडिओ टेबलावर घेतला, मागचं झाकण उघडलं, आतल्या स्पीकरची एक तार कापली आणि मध्ये कॉइल जोडली. नवरा मालगाडीवर गार्ड. पाच दिवसांनी ड्यूटीवरून आलेला, चहाचा कप घेऊन तो बातम्या ऐकायला बसला.

"याला पडसं झालंय का?" त्याने विचारलं. बातम्या देणारा माणूस जणू डोक्यावरून पांघरूण घेऊन बोलत होता.

"थांबा जरा." तिने कॉइल काढून तिथे कपॅसिटर लावला, बोटाच्या पेराएवढी नळकांडी. "आता?"

"आता नुसते स आणि श ऐकू येतायत. माणूस कुठे गेला?"

"तेच बघतेय."

तिने तीनदा अदलाबदल करून पाहिली. तिसऱ्यांदा नवऱ्याने कप खाली ठेवला आणि तोही कान देऊन ऐकायला लागला. कॉइल जाड आवाज जाऊ देत होती, बारीक अडवत होती. कपॅसिटरचं नेमकं उलट. मग तिने दुकानदाराचा कागद उलगडला. कॉइलकडून निघालेल्या रेघेच्या टोकाला त्याने 'लहान' लिहिलं होतं आणि कपॅसिटरच्या टोकाला 'मोठा'. घाईत दोन शब्दांची जागा बदलली होती. जाड आवाजाचा सगळा धक्का तिने त्या वाटीएवढ्या स्पीकरवर नेऊन घातला होता. टाके पक्के होते, म्हणूनच तो जळला.

"माझा रेडिओ जोडून देशील ना?" नवरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने दिराला सगळं सांगितलं. लहान स्पीकर आता दोनच उरले होते, खोकी दोन.

"दुकानदार शिकलेला माणूस आहे, वहिनी."

"असेल. मी कानांनी ऐकलंय, भाऊजी."

"आणि हा जळला तर शाळेत काय सांगू?"

"सांगा, वहिनीने जाळला."

दिराने तिच्याकडे पाहिलं आणि टेबलावरचा भुसा हाताने बाजूला सारून जागा केली. तिने सोल्डरिंगची गन तापवली, जुने टाके वितळवून तारा सोडवल्या आणि आपल्या मनाने नव्या जागी लावल्या. कुणाचा कागद न बघता मारलेले हे तिचे पहिले टाके. दिराने हात प्लगवर ठेवला. तिने आवाज थोडा थोडा करत वाढवला. गाणं लागलं होतं. कडवं सुरू करण्याआधी गाणारी बाई श्वास घेते, तोसुद्धा कळला. गाणं संपेपर्यंत प्लगवरचा हात केव्हा निघाला, ते दिरालाही समजलं नाही.

"मी काल कच्चा टाका म्हणालो, ते..."

"राहू द्या. दुसऱ्या खोक्याचं मागचं झाकण काढा."

घरी परतताना वाटेत ती दुकानात थांबली आणि तो कागद काउंटरवर ठेवला. दुकानदाराने चष्मा लावून तो दोनदा पाहिला, कान खाजवला आणि पेनाने दोन्ही शब्द खोडले.

"बसा, बाई," तो स्टूल पुढे ओढत म्हणाला. "तीन स्पीकरची एक पट्टी अडलीय माझ्याकडे. बघता का?"

ती बसली.

शुक्रवारी शाळेत बक्षीस समारंभ होता. दीर व्यासपीठाजवळ खोक्यांपाशी उभा राहिला, ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मुख्याध्यापिका बोलायला उठल्या. शाळेचा इतिहास, शिस्तीचं महत्त्व, नवीन पाण्याची टाकी. मुलं चुळबुळ करत होती, पालक घड्याळं बघत होते, शेजारची एक बाई पेंगत होती. ती मात्र मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द येत होता, शिस्तीतला श सुद्धा. त्या भरल्या सभागृहात ते सगळं भाषण मन लावून ऐकणारी ती एकटीच होती.