डावीकडची जागा

कुठल्याही फुटबॉल खेळाडूला विचारा, "दुखतंय का?" तो नाहीच म्हणणार. पाय तुटून हातात आला तरी म्हणेल, "थोडा आखडलाय, होईल ठीक." आमचा वाणच तसला. मीही तसलाच गाढव होतो. चौदा वर्षं डावीकडे बचावाला खेळलो, आणि शेवटचे तीन आठवडे उजवा गुडघा आतून कुरकुरत असताना डॉक्टरांना, मालिशवाल्या काकांना, बायकोला, सगळ्यांना नाही नाही म्हणत राहिलो. मग एका दुपारी, एकसष्टाव्या मिनिटाला, जवळपास चिटपाखरू नसताना पाय रोवून वळलो. गुडघ्याचा तो आवाज पार आमच्या गोलकीपरला ऐकू गेला म्हणे. एकतिसाव्या वर्षी मी घरी बसलो.

दोन वर्षांनी त्याच क्लबने मला प्रशिक्षक म्हणून बोलावलं, तेव्हा मी कानाला खडा लावून घेतला. खेळाडूला विचारायचं नाही, आपण बघायचं. सराव संपला की मी दारात उभा राहून एकेकाची चाल बघायचो. जिने उतरताना कोण कठड्याला हात लावतो, बूट काढताना कोण आधी बसतो, ते सगळं बघायचो. इथपर्यंत सगळं शहाण्या माणसाचं काम होतं. पुढचं सांगतो ते ऐकून तुम्ही मला वेड्यात काढलंत तरी माझी हरकत नाही.

तिसऱ्या सामन्यात रेषेबाहेर उभा होतो आणि माझ्या डाव्या मांडीत मागच्या बाजूने कळ आली. मी नुसता उभा! कळ येत होती, थांबत होती, परत येत होती, आणि तिला एक ठेका होता. आमचा एक लांबलचक फॉरवर्ड होता, त्याला सगळे टोळ म्हणायचे. तो धावला की कळ यायची, तो थांबला की थांबायची. चार वेळा ताडून बघितलं. टोळाला बाहेर घेतला, तो शिव्या घालतच आला. तो बाकावर बसला त्या क्षणी माझी मांडी मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याची तपासणी करून म्हणाले, "आणखी एक धाव, आणि स्नायू फाटला असता. तुम्हाला कसं कळलं?"

काय सांगणार, कपाळ? अनुभव म्हणून ठोकून दिलं.

त्यानंतर दोन हंगामांत असं आणखी तीन वेळा झालं. कधी घोटा, कधी पोटरी. मी माणूस बदलायचो, कळ जायची, खेळाडू वाचायचा. पेपरवाल्यांनी कौतुकाने रकाने भरले. घरी बायकोला तेवढं खरं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरला दाखव." मी विचारलं, "पायाच्या?" "नाही," ती म्हणाली, "वरच्या मजल्याच्या." पण त्या दिवसापासून मी कुठेही हात लावून चोळायला लागलो की ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत बसायची.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी सतरा. त्याला चेंडू मारायला मीच शिकवलं, आणि शहाण्याने खेळायला जागा निवडली तीही माझीच, डावीकडची. घरात मला दादा म्हणायचा, मैदानावर सर, आणि दोन्हीकडे उलटून बोलायचा. माझ्यापेक्षा तो खूप चांगला खेळायचा, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. हंगामाचा शेवटचा सामना बघायला एका मोठ्या क्लबचा माणूस येणार होता, खास त्याच्यासाठी. आई आमच्याकडेच राहायची. ती रोज सकाळी मला एकच सांगायची, "तुझं झालं ते झालं. त्याचा पाय सांभाळ."

शेवटच्या सामन्याआधी तीन दिवस मालिशवाल्या काकांनी मला खोलीत बोलावलं. तीस वर्षं त्याच टेबलाशी उभा राहिलेला माणूस, बोलणं कमी, हाताला तेलाचा वास. दार लावून म्हणाले, "तुम्ही ज्यांना बाहेर काढता ते वाचतात, ते ठीक आहे. पण जे आत जातात त्यांचं काय?"

"त्यांचं काय?"

"टोळाच्या जागी गेला होता तो कुठेय आता?"

मला आठवेना. खरंच आठवेना.

"अकरा दिवसांनी सरावात पडला," काका म्हणाले. "डावी मांडी, मागून. याच टेबलावर होता. दुसरा सहा दिवसांनी, घोटा. तिसरा दोन दिवसांनी. चौथा दुसऱ्या दिवशी सकाळी, जिना उतरताना. ज्याला तुम्ही वाचवलंत त्याचं जे दुखणार होतं, तेच, त्याच बाजूचं." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

चारही पोरांच्या पाठीवर थाप मारून मीच त्यांना आत पाठवलं होतं. माझी कळ थांबली की माझ्यापुरता विषय संपत होता. ती पोरं कुबड्या घेऊन माझ्यासमोरून गेली असतील, आणि मी, चाली बघणारा मोठा तज्ज्ञ, त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. लाज वाटली. इतकी, की काकांना धड उत्तर न देताच बाहेर पडलो.

सामन्याच्या दिवशी दुपारी लख्ख ऊन होतं. बरोबरी झाली तरी आम्ही या गटात टिकणार होतो, हरलो तर खाली जाणार होतो. पहिला अर्धा भाग शून्य-शून्य. माझं अंग शांत होतं, आणि मी मनातल्या मनात हात जोडत होतो.

पंचावन्नाव्या मिनिटाला उजव्या गुडघ्यात आतून कुरकुरलं.

आधी वाटलं माझंच जुनं असेल. पण ती कुरकूर पळत होती. धाकटा डावीकडून वर गेला, ती वर गेली. तो थांबून कमरेवर हात ठेवून उभा राहिला, ती थांबली. मी ओरडून विचारलं, "गुडघा कसा आहे?" आणि विचारता विचारताच कळलं की काय बावळटपणा करतोय.

"एकदम मस्त, सर!" तो ओरडला.

त्याच्या जागी खेळणारा दुसरा एकच होता. गेल्या महिन्यात लग्न झालेला, म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणायचे. माझ्या सहायकाने माझा चेहरा बघूनच त्याला उठवलं. तो जर्सी सारखी करत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला, डोळ्यांत नुसता आनंद. वर प्रेक्षकांत त्याची बायको उभी राहून हात हलवत होती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते काय, ते मला त्या रेषेवर समजलं. गुडघा आता ठणकत होता. सत्तावन्न. अठ्ठावन्न.

मी नवरदेवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला परत बाकावर बसवलं. मग चौथ्या पंचाला म्हणालो, "माझा डावीकडचा खेळाडू बाहेर येतोय. त्याच्या जागी कुणी जाणार नाही."

"कुणी नाही?"

"दहा जण खेळतील."

सहायक माझा हात धरून म्हणाला, "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? खाली जाऊ आपण!" मी हात झटकला. धाकटा यायलाच तयार नव्हता. शेवटी मीच रेषा ओलांडून आत गेलो, पिवळं कार्ड खाल्लं आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर ओढला. हजारो लोक माझ्या नावाने बोंबलत होते.

"दादा," तो म्हणाला. मैदानावर पहिल्यांदाच दादा. "माझं चांगलं झालेलं बघवत नाही ना तुला? तुझं मोडलं म्हणून माझं पण मोडायचं?"

मी मनात म्हटलं, बोल बाबा, काय बोलायचं ते बोल, दोन पायांवर उभा राहून बोलतोयस. त्याला बाकावर दाबून बसवला आणि कळ थांबायची वाट बघत उभा राहिलो.

ती थांबली नाही.

धाकटा माझ्या मागे बसून टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडत होता, आणि माझ्या गुडघ्यात कुणीतरी पळत होतं. त्याच ठेक्यात, वर, खाली, वर. मी डावीकडे बघितलं. तिकडे नुसतं ऊन आणि गवत. आमच्या गोलकीपरने सवयीने चेंडू तिकडे फेकला, तशी गुडघ्यातली पावलं वेगाने चेंडूकडे निघाली. नंतर त्याने हात वर करून माफी मागितली. मी त्याच्याशेजारी असतो तर विचारलं असतं, तुला तिथे कोण दिसला?

रिकामी जागा बघून समोरच्या संघाला मोकळं रान मिळालं. त्यांचा उजवा विंगर, वीसएक वर्षांचं पोरगं, चेंडू घेऊन तिकडे शिरलं. त्याचं पाऊल आणि माझ्या गुडघ्यातलं पाऊल एकेक करत जुळत गेलं, आणि मग दोन्ही एकच झाली.

"तिकडे जाऊ नकोस!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "अरे थांब! थांब!"

त्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि तो हसला. समोरचा प्रशिक्षक ओरडतोय, त्याचं कोण ऐकतं? मी असतो तरी हसलोच असतो. जवळपास आमचं कुणी नव्हतं. त्याने पाय रोवला आणि वळला.

आवाज मला ऐकू आला, बाकावर धाकट्यालाही आला. तो टॉवेल टाकून उठला. मैदानात त्या पोराच्या किंकाळ्या चालल्या होत्या आणि प्रेक्षकांतून एक बाई धक्के देत खाली येत होती, त्याची आई असावी. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दादा," तो पुटपुटला, "सकाळपासून दुखत होता माझा. मी सांगितलं नाही तुला."

स्ट्रेचर आमच्या समोरून गेलं. त्या पोराने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि आता तो हसत नव्हता. त्याची आई मला विचारत होती, "तुम्ही आधीच कसे ओरडलात? तुम्हाला काय माहीत होतं?" मला तिची माफी मागायची होती. पण माझा गुडघा गार आणि मोकळा झाला होता, शेजारी माझा भाऊ दोन्ही पायांवर धड उभा होता, आणि देवाशपथ सांगतो, त्या क्षणी मला फक्त बरं वाटत होतं.