दाराचा आवाज

त्या छोट्या कारखान्यात इतक्या हलक्या गाड्या बनत, की चार माणसांनी चारी कोपऱ्यांना धरली तर गाडी अलगद बाजूला सरकवता यायची. वजन कमी, म्हणून गाडीची तहानही कमी. एखाद्या स्क्रूचे चार ग्रॅम वाचले तरी मालकीणबाई सगळ्यांना चहा पाजत.

दारवाल्याने तीन वर्षं खपून सोळा किलोचं दार सात किलोंवर आणलं होतं. पण गेल्या आठवड्यात घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांसाठी वीस गाड्या घ्यायला मेट्रनबाई आल्या. त्यांनी दार लावलं आणि ते खणखणलं.

"हे दार आहे की डब्याचं झाकण?" एवढंच विचारून त्या गेल्या. सोमवारी पुन्हा येणार होत्या. मालकीणबाईंनी दारवाल्याला बोलावून, त्याच्याकडे न बघता सांगितलं, की तोवर आवाज सुधारला नाही तर बाहेरून जुनी जड दारं मागवावी लागतील.

त्याने दाराला आतून दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा लावून पाहिला. आवाज गोड झाला, पण दार भरलं दहा किलो. वजन करणाऱ्याने काट्याकडे नुसतं बोट दाखवलं. आपल्याला मुळात दारातलं काही कळतच नाही, अशी दारवाल्याची खात्री पटत चालली.

शनिवारी दुपारी घरी भांडी पुसताना त्याच्या हातून ताट निसटलं आणि फरशीवर गरगरत झणझणू लागलं. पलंगावर आडवी झालेली आत्या वैतागली.

"अरे, बोट ठेव की त्याच्यावर. सगळ्या गल्लीला कशाला ऐकवतोस?"

त्याने बोट ठेवलं. ताट गप्प. त्याने ते उचललं आणि मुद्दाम पुन्हा पाडलं. मग तिसऱ्यांदा.

"काय गं, याला झालंय तरी काय?" आत्याने त्याच्या बायकोला विचारलं.

"दार झालंय," ती म्हणाली.

रविवारी तो बायकोला घेऊन कारखान्यात गेला. ती दार आपटायची आणि तो गाडीत बसून आतल्या पत्र्यावर बोट दाबून धरायचा. कडीजवळ काही फरक पडेना, खालीही नाही. दोन तास असे गेले. मग खिडकीच्या चार बोटं खाली, जरा मागच्या अंगाला बोट टेकलं आणि दार ढप्पकन बसलं, एखाद्या जाड पुस्तकासारखं. त्याने तिथे खडूने फुली मारली आणि तळहाताएवढा रबराचा तुकडा चिकटवला. वजन वाढलं चाळीस ग्रॅम.

"माझा खांदा गेला," बायको हसत म्हणाली, "पण तुमचं दार वाचलं."

सोमवारी मेट्रनबाईंनी दार लावलं. उघडलं, पुन्हा लावलं. पाचव्यांदा लावल्यावर मालकीणबाईंना राहवेना. काही राहिलंय का, असं त्यांनी विचारलं.

"काही नाही हो," मेट्रनबाई जरा ओशाळल्या. "ऐकत राहावंसं वाटतंय. दारं हीच ठेवा, आणि वीसच्या वीस गाड्या द्या."

दारवाला तोवर गाडीमागे जाऊन स्वच्छ असलेले हात पुसत उभा होता. सगळ्यांनी त्याला ओढून पुढे आणलं. मग रंगवाला, वजनवाला, हिशेबनीस, सगळ्यांनी रांग लावून दार आपटून पाहिलं. मालकीणबाई दोनदा रांगेत उभ्या राहिल्या. संध्याकाळपर्यंत कडी ढिली झाली. गुडघ्यावर बसून ती आवळताना दारवाला चक्क शीळ घालत होता.